ऑटो सीपॅप मशीन, तीन तऱ्हेचे मास्क आणि डिप्रेशन: एका वापरणारीचा अभिप्राय

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनचे अभिप्राय वाचायला बसलं की आवाज किती, वजन किती, पाण्याची टाकी केवढी, प्रवासात नेता येतं का, हे सगळं मिळतं. मला जे हवं होतं ते मिळालं नाही. ज्या माणसाला रात्री दात घासायला उठणंही जिवावर येतं, स्वतःसाठी काही करावं असंच ज्याला वाटेनासं झालंय, त्याच्या हातून हे मशीन रोज वापरलं जाईल का? मला तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून डिप्रेशन आहे. दोन्हींचे उपचार बरोबरीने चालू असताना या मशीनचा अनुभव कसा येतो, ते लिहिते. वापराचं दुसरं वर्ष चालू आहे, त्यामुळे नव्याची नवलाई केव्हाच संपली आहे.

मॉडेलचं नाव देत नाही. या वर्गातल्या ऑटो मशीनमध्ये आपापसांत फरक थोडाच असतो. खरा फरक पडतो तो मास्कमुळे, आणि मशीन विकून झाल्यावर तुमच्याशी कोण कसं बोलतं त्यामुळे. म्हणून मशीन, मास्क, ॲप आणि नंतरची सेवा यांबद्दल वेगवेगळं लिहिते, मास्कबद्दल जरा जास्तच.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. पाळी थांबल्यानंतर माझा थकवा इतका वाढला की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही चुका डोळ्यांखालून निसटायला लागल्या. डिप्रेशनची गोळी चालू होतीच, त्यामुळे तो थकवाही डिप्रेशनच्याच खात्यात जमा झाला. तसं होणं स्वाभाविक आहे. डिप्रेशन मोजायला पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची प्रश्नावली देतात. तिच्यात झोपेची तक्रार, थकवा, लक्ष न लागणं हे प्रश्न आहेतच, आणि उपचार न झालेला ॲप्निया असणारा माणूस त्यांची तशीच उत्तरं देणार. बायकांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. मोठमोठ्याने घोरणारा स्थूल पुरुष हे या आजाराचं लोकांच्या डोक्यातलं चित्र. बायका बऱ्याचदा थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, उदासी अशा तक्रारी घेऊन येतात, आणि पाळी गेल्यावर हा आजार होण्याची शक्यता वाढते.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी एकदा गोळी वाढवण्याआधी विचारलं, "सकाळी उठल्याबरोबर डोकं जड असतं का? रात्री लघवीला उठावं लागतं का?" माझी उत्तरं ऐकून त्यांनी गोळी आहे तेवढीच ठेवली आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, लिहून दिली. झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बंद पडणं किंवा बराच मंदावणं, असे अडथळे तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्याच्या पुढे तीव्र. माझा ३४ आला. म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांच्या आत शरीर दचकून जागं होत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता मशीनकडे येते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. मशीन हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरून ठेवतं. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, खोलीतलीच हवा गाळून आत येते. घरी भेटायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची ते ऑक्सिजनचंच असल्याची समजूत असते आणि चेहऱ्यावर काळजी दिसते, म्हणून सांगते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ रुग्णांवर हा उपाय लागू पडल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात मांडलं. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देणं हाच खात्रीचा इलाज होता. मास्क नकोसा वाटतो तेव्हा हे आठवलं की मला त्या सिलिकॉनच्या तुकड्याबद्दल कृतज्ञता वाटते.

साध्या सीपॅपमध्ये दाब एकच ठरलेला असतो. ऑटोमध्ये डॉक्टर खालची आणि वरची मर्यादा आखून देतात, आणि त्या मर्यादेत मशीन गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतं. ही मशीन साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंत (हा दाब याच एककात मोजतात) चालतात. डिप्रेशनचे उपचार घेणाऱ्यांसाठी ऑटो सोयीचं पडतं असं माझं मत झालंय, कारण आपलं शरीर एका जागी थांबत नाही. काही गोळ्यांनी वजन वाढतं, गोळी बदलली की पुन्हा उतरतं. काही दिवस माणूस पाठीवर पडून असतो, आणि पाठीवर झोपलं की घसा जास्त मिटतो. हे चढउतार मशीन सांभाळून घेतं आणि दर वेळी दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. अर्थात हृदय कमजोर असेल किंवा श्वास घ्यायचा हुकूमच मेंदूकडून नीट सुटत नसेल तर ऑटो चालतंच असं नाही, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच.

मशीनची एक सोय माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहे. मास्क लावून श्वास घेतला की ते आपोआप सुरू होतं आणि मास्क काढला की बंद होतं. बटण शोधायचं नाही, पडद्यावर काही निवडायचं नाही. धडधाकट माणसाला हे किरकोळ वाटेल. पण डिप्रेशनच्या वाईट दिवसांत प्रत्येक छोटी कृती हा वेगळा डोंगर होतो. दिवा बंद करणं एक, पाणी भरणं दुसरं, बटण दाबणं तिसरं. एक पायरी कमी झाली की रात्र वाचते. विकत घेताना मी हीच गोष्ट आधी बघेन, आवाजाचे डेसिबल नंतर. आवाजाची तशीही तक्रार नाही. माझ्या नवऱ्याच्या मते आधीच्या घोरण्यापुढे हे काहीच नाही.

रॅम्प म्हणजे सुरुवातीला कमी दाब ठेवून हळूहळू वाढवणं. हा मी पहिल्यांदा लावून ठेवला आणि नंतर जवळजवळ बंद केला. फारच कमी दाबाने सुरुवात झाली की मला हवा पुरत नाही असं वाटायचं आणि छाती धडधडायची. डिप्रेशनच्या जोडीला घाबरेपणा असेल तर हे ध्यानात ठेवा. गुदमरल्यासारखं वाटणं दाब जास्त झाल्यानेच होतं असं नाही, कमी दाबानेही होतं. झोपेच्या डॉक्टरांकडच्या, मशीनचं बघणाऱ्या थेरपिस्टने सुरुवातीचा दाब थोडा वाढवून दिला आणि ते थांबलं. श्वास सोडताना दाब जरा उतरवण्याची सोय मात्र मी कायम चालू ठेवली आहे, तिच्याशिवाय वाऱ्याच्या विरुद्ध श्वास सोडावा लागतो.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोमट आणि ओलसर करणारी पाण्याची टाकी, आमच्यासारख्यांनी नको म्हणूच नये. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. त्यात रात्रभर हवेचा झोत. ओलावा कमी असला की सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची. ओलावा वाढवला तर नळीत पाण्याचे थेंब साचून नाकाशी गुडगुड व्हायची. गरम राहणारी नळी घेतल्यावर हा प्रश्न संपला. ती वेगळी घ्यावी लागली तरी घ्या. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, साध्या पाण्याने तळाशी पांढरा क्षार बसतो. माझ्या टाकीच्या झाकणाची खिट्टी अवघड आहे. हात थरथरत असले की ती पहिल्या झटक्यात बसत नाही, आणि माझ्या एका गोळीने हात थरथरतात. बनवणाऱ्यांनी तिकडे लक्ष द्यायला हवं.

मशीनला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण त्या खिट्टीचा.

मास्कचं प्रकरण मोठं आहे. लोक सीपॅप सोडतात ते बहुतेकदा मास्कला कंटाळून, हे मला आता पटलंय. मी तिन्ही प्रकार वापरले.

पहिला मिळाला तो नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, फुल फेस. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना तो लागतो. त्याला चेहऱ्यावर जागा खूप लागते, कूस बदलली की कडेने हवा फुरफुरते, चष्मा घालून वाचता येत नाही. यातलं शेवटचं कारण माझ्यासाठी निर्णायक ठरलं. झोपण्याआधी दोन पानं वाचणं ही माझ्या दिवसातली एकमेव गोष्ट होती जी डिप्रेशनने हिरावलेली नव्हती. मास्क लावायचा तर वाचन सोडायचं, असा सौदा असेल तर मास्क हरणार हे उघड आहे.

दुसरा नाकपुड्यांशी टेकणारा, पिलो मास्क. दोन छोट्या मऊ बोंडांसारखा तुकडा, एक बारीक पट्टा, बस. चष्मा घालता येतो, कुशीवर झोपता येतं, आरशात बघितलं तर चेहरा आपलाच दिसतो. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःकडे बघवत नाही अशा काळात तोंडावर यंत्र बांधलेला चेहरा बघणं माणसाला आणखी खाली ओढतं. पिलो मास्कने हे सोपं केलं. याची उणी बाजू अशी की दाब चढला की नाकपुड्या हुळहुळतात, आणि तोंड उघडं राहत असेल तर सगळी हवा तिकडून निघून जाते.

तिसरा फक्त नाकावर बसणारा, या दोन्हींच्या मधला. माझ्या नाकाच्या हाडावर त्याने लाल व्रण उठवला. पट्टे सैल केल्यावर तो गेला. बहुतेक जण गळती थांबवायला पट्टे आवळत जातात, त्याने गळती वाढते. सिलिकॉनला फुगायला जागा हवी. मास्क आडवं पडून, मशीन चालू असताना नीट बसवायचा, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर गालांचा आकार वेगळा असतो. हे थेरपिस्टने दाखवलं तेव्हा कळलं, माहितीपुस्तकात एका ओळीत होतं.

रोजच्यासाठी माझं मत पिलो मास्कला. पण फुल फेस मी फेकला नाही, त्याचं कारण रडणं.

हे कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून सविस्तर लिहिते. डिप्रेशनमध्ये रात्री रडू येतं, आणि रडल्यावर नाक चोंदतं. चोंदलेल्या नाकावर नाकाचा मास्क लावला की हवा आत शिरत नाही, कानात दडे बसतात, माणूस घाबरतो आणि मास्क भिरकावून देतो. नेमक्या त्या रात्री, ज्या रात्रीच्या झोपेवर दुसरा दिवस अवलंबून आहे. मी आता अशा वेळी लगेच आडवी होत नाही. तोंडावर पाणी मारते, नाकात सलाइनचे थेंब घालते, उशांना टेकून बसते आणि नाक मोकळं व्हायला वेळ देते. तरी मोकळं झालं नाही तर फुल फेस लावते. तो खालच्या खणात जोडलेला, तयार असतो. नळी काढून त्याला जोडली की झालं. रडून झाल्यावर खण धुंडाळायचं त्राण नसतं, म्हणून जागा ठरलेली हवी. तुम्हाला डिप्रेशन असेल तर दोन प्रकारचे मास्क जवळ ठेवा, हा माझा या सगळ्या अभिप्रायातला सगळ्यांत आग्रहाचा सल्ला.

गोळ्यांचा आणखी एक परिणाम मास्कवर होतो तो घामाचा. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी रात्री भरपूर घाम येतो आणि सिलिकॉन त्वचेवरून सरकतं. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुऊन कोरडा केला, क्रीम लावलं नाही, तर फरक पडतो. कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, रोज सौम्य साबणाने धुवायला सांगतात. चांगल्या दिवसांत मी धुते. वाईट दिवसांत ओल्या फडक्याने पुसते आणि टाकीतलं शिळं पाणी ओतून देते, तेवढंच. कुशनचे दोन जोड ठेवलेत, म्हणजे एक धुतलेलं नसलं तरी दुसरं असतं. "आज धुतला नाही, मग आज राहू दे" असं म्हणायला जागा उरत नाही.

आता ॲप. इथे माझा सूर कडक लागेल, आणि तो मनापासून आहे. मशीन रात्रीचा हिशेब फोनवर पाठवतं: किती तास लावला, हवा किती गळली, मास्क किती वेळा काढला, तासाला किती अडथळे उरले. त्यावरून सकाळी शंभरपैकी गुण. जमलं की शाबासकी, नाही जमलं की सल्ला. कोणाला याने हुरूप येत असेल. ज्याचं मन पहाटेपासूनच त्याला नापास करत असतं, त्याला उठल्याबरोबर आणखी एक गुणपत्रिका हातात देणं हे क्रूर आहे. काही दिवस असे गेले की कमी गुण दिसतील या भीतीने मी मास्कच लावायचं टाळलं. न लावलेल्या रात्रीचा आकडा दिसत नाही ना.

मी सूचना बंद केल्या, आणि आठवड्यातून एकदा दोनच आकडे बघते. एक, उरलेला एएचआय, जो माझा बहुतेक वेळा ५ च्या खाली असतो. दुसरा, गळती. गुण बघत नाही. तज्ज्ञांना लागणारी माहिती मशीनमधून त्यांच्यापर्यंत थेट जातेच.

४ तासांपेक्षा कमी लावला तर लावलाच नाही, असाही गैरसमज पसरलाय. किमान ७० टक्के रात्री, रात्रीचे किमान ४ तास, हा निकष अमेरिकेत विम्याची भरपाई मान्य करण्यासाठी वापरतात आणि तिथून तो सगळीकडे पोचला. ती काही शरीराने आखलेली रेघ नाही. वापर जितका जास्त, तितका फायदा जास्त. याची दुसरी बाजू मला धीर देणारी वाटते. ३ तास म्हणजे शून्य नव्हे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत २,७०० हून अधिक हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रुग्ण होते. त्यांचा मास्कचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच होता. हृदयविकार किंवा पक्षाघात टळल्याचं त्यात दिसलं नाही, पण दिवसाची झोपाळू अवस्था आणि मनाची स्थिती सुधारल्याचं दिसलं. अर्धवट रात्रीबद्दल स्वतःला बोल लावावासा वाटतो तेव्हा मी हे आठवते. ॲपला पाचपैकी दोन, तेही सूचना बंद करता येतात म्हणून.

पाठपुराव्याच्या सेवेचे दोन अनुभव आहेत. सुरुवातीला ज्यांच्याकडून मशीन आलं त्यांच्याकडचा माणूस फोन करून म्हणायचा, "मॅडम, वापर कमी दिसतोय, असं कसं चालेल?" मी हो म्हणायचे आणि त्यानंतर त्यांचा फोन उचलायचा टाळायचे. पुढे झोपेच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या थेरपिस्ट मुलीशी गाठ घालून दिली. तिने पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, काल मास्क काढला तेव्हा नेमकं काय झालं होतं? हवा डोळ्यात जात होती का पोट फुगलं होतं?" पोट फुगलं होतं. झोपेत हवा गिळली जाते, त्याने होतं. तिने डॉक्टरांना विचारून वरची मर्यादा थोडी खाली आणली. एवढंच झालं, पण त्यानंतर तिचा नंबर दिसला की मी फोन उचलते. एकीकडे मी सुस्त आहे हे गृहीत धरलेलं होतं, दुसरीकडे काहीतरी टोचतंय, खुपतंय हे गृहीत धरलेलं होतं. डिप्रेशन असलेल्या माणसाने मशीन घेताना हा फरक पारखून घ्यावा. या मुलीला मी पाचपैकी पाच देते, आणि मशीन टिकलं त्याचं निम्मं श्रेय तिचं.

उरलेलं निम्मं श्रेय कशाचं? इच्छाशक्तीचं तर नक्कीच नाही, ती डिप्रेशनमध्ये पहिल्यांदा संपते. या मशीनचा मोठा गुण असा की त्याला तुमच्या उत्साहाची गरज नसते. व्यायाम, फिरणं, माणसांत मिसळणं, या सगळ्याला थोडं तरी मन लागतं. मास्क लावायला मन लागत नाही, नाकावर टेकवला की तो त्याचं काम करतो. विश्वास बसत नसला तरी करतो, आज सगळं व्यर्थ वाटत असलं तरी करतो. हे एकदा ध्यानात आल्यावर "मला वाटेल तेव्हा लावीन" हा विचारच मी सोडून दिला, कारण वाटणार कधीच नव्हतं.

मग जागा आणि वेळा बांधून घेतल्या. मास्क उशीवरच असतो, तो उचलल्याशिवाय डोकं टेकता येत नाही. वाचायला बसतानाच लावते, म्हणजे झोपेच्या गुंगीत लावायचा प्रश्न येत नाही. दुपारी पडले तरी लावते. डिप्रेशनमध्ये दिवसाही झोप काढली जाते, आणि घसा दुपारीही तसाच मिटतो. रात्री झोपेत काढून टाकला आणि पहाटे लक्षात आलं, तर त्या क्षणी परत लावते, घड्याळ न बघता. घड्याळ बघितलं की "आता काय राहिलंय" हा विचार येतो.

नवऱ्याशीही ठरवून घेतलं. आधी तो काळजीने खूप बोलायचा, "अगं लाव ना, डॉक्टरांनी सांगितलंय, किती त्रास करून घेतेस." प्रत्येक शब्द प्रेमाचा, आणि प्रत्येक शब्दाने मी आणखी आत मिटायचे. आता तो दिवा घालवताना एकच शब्द विचारतो, "मास्क?" मी मान हलवते नाही तर लावते. त्याच्यापुढे चर्चा नाही. वाईट दिवसांत पाण्याची टाकी तो भरतो, मी न सांगता.

फायदा काय झाला ते जसं झालं तसं सांगते, कारण फुगवून सांगितलं तर तुमची निराशा होईल. सकाळची डोकेदुखी लवकर गेली. रात्री लघवीला उठणं जवळजवळ थांबलं. श्वास अडकताना हृदयावर ताण येऊन लघवी जास्त तयार होते, ती साखळी तुटली. एपवर्थ म्हणून दिवसाच्या झोपाळूपणाची प्रश्नावली असते, ८ प्रसंग आणि २४ पैकी गुण, १० च्या वर गेलं की काळजी. मी बरीच वर होते, आता खाली आहे. कामात एकाग्रता परतली, ओळ एकदा वाचली की चूक दिसते. मनाची उदासी मात्र सावकाश, आणि काहीशीच हलली. सीपॅप म्हणजे डिप्रेशनचं औषध नव्हे. गोळी चालू आहे, समुपदेशनही चालू आहे, आणि मध्ये एक वाईट टप्पा मास्क नियमित लावत असतानाच येऊन गेला. फरक एवढा की या खेपेला डोकं चालत होतं. काय होतंय ते मला ओळखता आलं आणि डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. पूर्वी ते कळायला घरच्यांना कितीतरी वेळ लागायचा. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर मास्क, आकडे, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना, हेल्पलाइनला किंवा जवळच्या माणसाला सांगा. त्या विचारांवर उपचार होतात.

दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असायला हवीत. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात किंवा श्वास मंदावतो. दारूनेही तेच होतं. झोप लागत नाही म्हणून घरातली कुणाची गोळी मागून घेऊ नका, आणि चालू असलेली डिप्रेशनची गोळी मास्कमुळे बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

खरेदीबद्दल थोडं. वापरलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर कोणतं मॉडेल आहे ते तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली कितीतरी मशीन परत मागवली होती, त्यातलं एखादं तुमच्या हाती येऊ नये. मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असेल आणि अंथरुणात शेजारी झोपणाऱ्याला किंवा तुम्हाला पेसमेकरसारखं उपकरण बसवलेलं असेल तर बिनचुंबकाचा मास्क मागा. ओझोन सोडून मास्क स्वच्छ करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती दिसतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांबद्दल सावध केलंय, साबण-पाणी पुरतं.

आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मास्क जमला नाही तर दुसऱ्या प्रकारचा बदलून देता का, आणि किती दिवसांपर्यंत? दाबाची मर्यादा बदलायची तर डॉक्टरांशी तुम्ही बोलता की मी बोलायचं? आणि पहिल्या महिन्यात फोन कोण करणार, त्या माणसाशी आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?